शनिवारची भरती

मी घाटावरची. सांगलीकडच्या ज्या गावात वाढले, तिथे पाणी म्हणजे एक विहिरीचं नाहीतर कॅनॉलचं. आलं की आलं आणि गेलं की महिना महिना तोंड दाखवत नाही. दिवसातून दोनदा येणारं आणि दोनदा जाणारं पाणी मी आधी पुस्तकात वाचलं, मग तिकडच्याच एका शाळेत फळ्यावर शिकवलं, आणि त्यानंतर कुठे रत्नागिरीत नोकरी लागल्यावर डोळ्यांनी पाहिलं. भाट्याच्या पुलावरून एसटी जाताना मी खिडकीला नाक लावून बसले होते आणि शेजारची बाई माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती.

पण मी शिकले. मासळीबाजारात माझी एक ठरलेली मावशी आहे. पापलेटाचा भाव ती मला कधी खरा सांगत नाही, पण भरतीचा हिशेब तिने खरा सांगितला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती, संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि मधे दुपारी बाराला ओहोटी. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते हे पुस्तकातलं वाक्य आणि मावशीची पाऊणपट जवळजवळ जुळतात, हे मी नववीच्या वर्गात फळ्यावर मांडून दाखवलं. वर्गात होडीवाल्यांची मुलं होती, त्यांच्यासमोर मांडून दाखवलं. आज ते आठवलं की कान गरम होतात.

नववीला समुद्राच्या लाटांचं काम शिकवायचं असतं आणि क्षेत्रभेट घ्यायची असते. बहुतेक शाळांत क्षेत्रभेट कागदावरच होते. मला ते पटत नाही. मी पूर्णगडच्या अलीकडे एक जागा शोधून काढली होती. गाडीरस्त्यावरून खाली उतरलं की लहानशी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. पुळणीच्या टोकाला काळा खडक समुद्रात घुसलेला. ओहोटीला त्या खडकाच्या पायथ्याने वळसा घालून पलीकडे जाता येतं आणि पलीकडे पुस्तकातलं सगळं एका जागी मिळतं: उभा कडा, लाटांनी पोखरलेली गुहा, लाटांनी घासून सपाट केलेला खडकाचा ओटा, पुढे थोडी वाळू. भरतीला मात्र ती जागा कोंडली जाते. दोन्ही बाजूंना खडक, मागे कडा, पुढे पाणी. हे मला चांगलं माहीत होतं. दोनदा जाऊन बघून आले होते. म्हणून तर तिथी बघून अष्टमीचा शनिवार काढला होता: आठला पोचायचं, पाणी उतरत असणार, अकराला निघायचं, तेव्हा ते पार दूर गेलेलं असणार. अडतीस मुलांची संमतीपत्रं छापली, त्यावर तारीख आणि वेळ टाकली, पालकांच्या सह्या घेतल्या.

आणि त्या शनिवारी आम्हाला निवडणुकीच्या कामाच्या प्रशिक्षणाला बोलावलं. शिक्षकाला कधी कुठे बोलावतील याचा नेम नसतो. मी चरफडले, तासभर कुणाशी बोलले नाही, आणि मग क्षेत्रभेट एक आठवडा पुढे ढकलली. शनिवारच्या जागी शनिवार. बस तीच, डबे तेच. संमतीपत्रं पुन्हा छापायची नाहीत म्हणून मी स्टाफरूममध्ये बसून अडतीस कागदांवर पांढरी शाई लावली, फुंकर मारून वाळवली आणि तारीख बदलली. तारखेच्या शेजारीच वेळ होती. अडतीस वेळा ती माझ्या नजरेखालून गेली.

शाळा वारावर चालते. सोमवारी पहिला तास बीजगणित म्हणजे जन्मभर सोमवारी पहिला तास बीजगणित. चौदा वर्षं वेळापत्रकात काढल्यावर माझ्या डोक्यात शनिवार सकाळ म्हणजे शनिवार सकाळ, गेल्या आठवड्यातली काय आणि या आठवड्यातली काय. समुद्राला वार ठाऊक नसतो. रोज पन्नास मिनिटं उशीर म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तास. गेल्या शनिवारी ज्या वेळी ओहोटी होती, त्याच वेळी या शनिवारी भरती. हे गणित सातवीतलं मूलही करील. मी ते परीक्षेत चार गुणांना विचारलेलं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी आमचे पी.टी.चे सर माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळले. ते माझ्याबरोबर येणार होते. सर लांज्याकडच्या एका आतल्या गावचे, भातशेतीवाल्या घरातले. समुद्र त्यांनाही माझ्याइतकाच परका.

"बाई, उद्या अमावास्या आहे," ते म्हणाले. "पोरांना घेऊन जायचं म्हणजे... पुढचा शनिवार बघितला तर?"

मी हसले. नुसती हसले नाही, स्टाफरूममधल्या चौघांना ऐकू जाईल असं हसले. म्हटलं, "सर, आपणच असलं मानायला लागलो तर मुलांना काय शिकवायचं? लिंबू-मिरची बांधू हवं तर बसला." सर बिचारे ओशाळून निघून गेले. मला त्या दिवशी भूगोलाची शिक्षिका असल्याचा भारी अभिमान वाटला. त्यांनी एका शब्दात मला समुद्राची वेळ सांगितली होती, त्यांच्या नकळत, आणि मी तिला अंधश्रद्धा समजून वाटेला लावलं.

शनिवारी पावणेआठला बस पोचली. हवेत गारठा होता. पोरं खाली उतरायच्या आधीच डबे उघडायला लागली, त्यांना दटावलं. पुळणीवरून खडकाकडे गेलो. वळशाशी पाणी मी आधी पाहिलं होतं त्यापेक्षा बरंच जवळ वाटलं. दोन-तीन लाटा पावलांपर्यंत आल्या, पोरींनी सलवारी वर धरल्या आणि खिदळल्या. मी म्हटलं, आत्ता कुठे उतरायला लागलंय, जाईल मागे. एरवी ओहोटीला त्या खडकांवर बायका कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडत बसलेल्या असतात, त्यांची ठकठक लांबून ऐकू येते. त्या दिवशी एकही बाई नव्हती. बरं झालं, माझा आवाज सगळ्यांपर्यंत पोचेल, असं मनात आलं.

पलीकडे गेल्यावर मी मुलांना समुद्राकडे तोंड करून उभं केलं. "पाणी आता मागे सरकतंय. आपण इथून निघू तेव्हा ते पार तिकडे, त्या काळ्या दगडाच्या पलीकडे गेलेलं असेल." अडतीस जणांनी त्या काळ्या दगडाकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही. वर्ग शांत आहे म्हणून मला समाधान वाटलं.

मी एक प्रयोग ठरवला होता. दर दहा मिनिटांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची, म्हणजे शेवटी काठ्यांची रांग समुद्राकडे जाताना दिसेल आणि ओहोटीचा वेग मोजता येईल. एका मुलीकडे घड्याळ आणि काठ्या दिल्या आणि बाकीच्यांना गुहेकडे नेलं. छताकडे बोट दाखवून सांगत होते, लाटा इथपर्यंत येऊन खडक कसा पोखरतात ते. सांगता सांगता हाताला छताचा खडक लागला. तो ओला होता. मी हात ओढणीला पुसला आणि पुढे सांगत राहिले.

"बाई, काठी पाण्यात गेली," ती मुलगी येऊन म्हणाली.

"मोठी लाट आली असेल. नीट बघून पुन्हा रोव."

ती गेली. तिने काठी उपटली आणि पाण्याची कड जिथे आली होती तिथे, म्हणजे आमच्याकडे दोन पावलं वर, रोवली. मी सांगितलं होतं तसंच केलं. दहा मिनिटांनी दुसरी काठी, मग तिसरी. ती पुन्हा काही सांगायला आली नाही, कारण मी तिला सांगायचं कारणच ठेवलं नव्हतं.

पावणेनऊला मी रांग बघायला म्हणून वळले. रांग होती, पण उलटी. काठ्या समुद्राकडे जायच्या सोडून माझ्याकडे येत होत्या. पहिल्या काठीचं नुसतं टोक लाटेच्या फेसातून वर येत होतं. मग तेही दिसेना.

भीती एकदम आली नाही. आधी मी सबबी शोधल्या. वाळू खचली असेल. पोरीने काठ्या उलट्या क्रमाने लावल्या असतील. मी त्या लेकराला विचारलंसुद्धा, "उलट्या लावल्यास का गं?" तिने मान हलवली, नाही. आणि तेव्हा माझ्या कानात सरांचा शब्द वाजला. अमावास्या. अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पाणी अजून अडीच तास चढणार होतं आणि ते साधं चढणार नव्हतं, अमावास्येचं उधाण होतं ते. मला पोहता येत नाही. हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं, विचारलंच नव्हतं कुणी. आणि माझ्या मागे अडतीस घरांतली अडतीस मुलं बिस्किटं खात उभी होती.

मी सरांना हळूच बाजूला घेतलं. "सर, चुकलं माझं. पाणी चढतंय." त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. चपला काढून ते वळशाकडे धावले. मी मुलांना म्हटलं, सामान आवरा.

सर परत आले तेव्हा कमरेपर्यंत भिजले होते आणि एका कोपरातून रक्त येत होतं. "लाट आपटते तिथे," ते म्हणाले. "पण आत्ता गेलो तर जमेल. हात धरून साखळी करू. मोठी मुलं बाहेरच्या अंगाला."

आणि मी हो म्हटलं. हे मी अजून कुणाला मोकळेपणाने सांगितलेलं नाही. मी हो म्हटलं, मुलांना दोन रांगांत उभं केलं, एकमेकांचे हात धरायला लावले. पहिल्या रांगेतली बुटकी मुलगी, जिला वर्गात फळा दिसत नाही म्हणून मी पहिल्या बाकावर बसवते, तिचा हात मी स्वतः पुढच्या मुलाच्या हातात दिला. तिने विचारलं, "बाई, पाण्यातून जायचं?" मी म्हटलं, "हो. घाबरायचं नाही." तिचा हात थंड होता. माझा त्याहून थंड असणार.

तेवढ्यात वरून ओरडणं ऐकू आलं. कड्याच्या माथ्यावर कातळाचं माळरान आहे, तिथे त्या दिवसांत वाळलेलं गवत कापतात. एक बाई काठावर येऊन हातातला कोयता हलवत होती.

"ओ बाई! तिकडनं नको! तिकडं खड्डा हाय, पोरं जातील!" ती ओरडत होती. "मागं फिरा! त्या झुडपांत शिरा, वाट हाय वर यायला!"

झुडपं म्हणजे कड्याच्या कोपऱ्यातली करवंदीची जाळी. दोनदा येऊन गेले होते मी, पण तिच्या आड एक घळ आहे आणि घळीतून वर वाट आहे हे मला दिसलं नव्हतं. मी खडक बघायला आले होते, वाट बघायला नव्हे. ती बाई कोयत्याने काटे तोडत तोडत निम्म्या घळीपर्यंत खाली आली. सर पुढे झाले. मुलं एकेक करून वर सरकायला लागली. मी खाली थांबले, शेवटचं मूल जाईपर्यंत थांबायचं म्हणून. हा काही शूरपणा नव्हता. वर जाऊन त्यांची वाट बघत बसणं मला जमलंच नसतं.

अडतीस मुलं अरुंद घळीतून चढायला किती वेळ लागतो? घड्याळ बघायचं सुचलं नाही. पाणी आधी ओट्यावर आलं, मग गुहेत शिरलं, आणि गुहेतून एक पोकळ घुमणारा आवाज यायला लागला. माझ्या पायाला लागलं तेव्हा वर अकरा-बारा मुलं गेली होती. गुडघ्याला लागलं तेव्हा चार राहिली होती. त्यातली एक मुलगी निम्म्यावर जाऊन थबकली. तिने एका मुळीला मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. तिच्या मागची तिघं अडकली, आणि त्यांच्या खाली मी. लाट पाठीवर आली की मी खडकाला चिकटत होते. मला तिला समजवायचं होतं, बाळा वगैरे म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं ते वर्गातलंच.

"उघड डोळे! उजवा पाय वर. वर म्हटलं ना? आता डावा. कुणी सांगितलं थांबायला?"

ती रडत रडत चढली. शिस्तीची बाई म्हणून माझी शाळेत जी ख्याती आहे, तिचा तेवढा एकच उपयोग झाला असेल.

वर पोचले तेव्हा माझे गुडघे फुटले होते. मी मुलं मोजली. अडतीस. पुन्हा मोजली, अडतीस. सरांना मोजायला लावली, त्यांनीही अडतीस म्हटलं, आणि तरी माझा विश्वास बसेना. मी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत मोजायला लागले तेव्हा पोरं हसायला लागली. गवत कापणारी बाई कंबरेवर हात ठेवून बघत होती. तिने आम्हाला वाचवलं होतं, पण तिचा राग ओसरला नव्हता.

"अवसंच्या भरतीला पोरां घेऊन खाली गेलाव?" तिने विचारलं. "शाळंत काय शिकवता तुमी?"

भूगोल, असं मी म्हणाले नाही. तिच्या पाया पडायला वाकले तर ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, पोरांना पाणी पाजा आधी.

बसमध्ये पोरांनी अंताक्षरी सुरू केली. त्यांच्या दृष्टीने एवढी झकास क्षेत्रभेट कधी झाली नव्हती. मी पुढच्या सीटवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. सर शेजारच्या सीटवर होते. आता ते अमावास्येचं काहीतरी बोलतील अशी मी वाट बघत होते, बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाई, पोरांनी घरी सांगू नये असं सांगू का?" मी नको म्हटलं. आणि पुढचे पाच किलोमीटर मला हो म्हणावंसं वाटत होतं.

त्याच दुपारी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. साखळीचं सोडून सगळं. पालक आले, दोघे-तिघे खूप बोलले आणि ते बोलणं माझ्या हक्काचं होतं. बाकीच्यांनी देवाचे आभार मानले आणि माझेही मानले, बाई शेवटपर्यंत खाली थांबल्या म्हणून. ते आभार अंगावर घेणं फार कठीण गेलं. त्या रविवारी मी झोपले नाही. डोळे मिटले की त्या बुटक्या मुलीचा हात हातात येई आणि मी तो पुढच्या मुलाच्या हातात देई.

सोमवारी नववीवर तास होता. मी ठरवूनच गेले होते. उभी राहिले आणि म्हटलं, "शनिवारी माझी चूक झाली. आठवडा पुढे ढकलल्यावर भरतीची वेळ मी पुन्हा काढली नाही. चूक माझी एकटीची आहे." मग मी एक प्रश्न विचारला. तो विचारायचा असं काही ठरवलेलं नव्हतं, तोंडातून आला. "आपण बसमधून उतरलो तेव्हा पाणी चढतंय हे तुमच्यापैकी कुणाला कळलं होतं? खरं सांगा. मी रागावणार नाही."

आधी एक हात वर आला. मग त्याच्या शेजारचा. मग खिडकीकडच्या बाकांवरून तीन-चार एकदम. बहुतेक बंदराकडच्या वस्तीतली मुलं, ज्यांचे बापूस, काका, आजे होडीवर जातात. काठ्या रोवणाऱ्या मुलीचा हातही वर होता. मी मोजले. अकरा.

"मग बोलला का नाही कुणी?"

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. उत्तर द्यायला काठीवाली मुलगी उभी राहिली. तिला माझा प्रश्नच नीट कळला नसावा असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

"तुम्ही पुढे होतात ना, बाई," ती म्हणाली.

मी तिला बस म्हटलं. नवा धडा घ्यायचा होता. खडू उचलून मी फळ्याकडे वळले आणि मागे अडतीस वह्या उघडल्या, अडतीस पेनांची टोपणं निघाली. मी जे लिहीन ते उतरवून घ्यायला सगळी तयार होती. शनिवारी लाट पाठीवर आदळत होती तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.